साथीच्या काळात ‘आम्हाला अजून माहीत नाही’ असं सरकारी यंत्रणेने उघड सांगावं का?

खडूफळा:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. साथ आली की अफवा पसरवणाऱ्यांना सगळे झोडतात, झोडायलाच पाहिजे, पण लोकांचा विश्वास उडतो त्यात अधिकृत यंत्रणांचाही हात असतो त्याचं काय? मास्कचंच घ्या. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यविषयक मुख्य प्रवक्त्या डॉक्टरांनी, ट्विट केलं की मास्क विकत घेणं थांबवा, सर्वसामान्य लोकांना त्याचा उपयोग नाही, आणि लगेच पुढे म्हटलं की दवाखान्यात काम करणाऱ्यांना मास्क मिळाले नाहीत तर सगळ्यांनाच धोका. आता ज्याचा उपयोग नाही तो डॉक्टरांना कशाला लागतो, हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडेल. ३ एप्रिलला तिथल्याच सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रण करणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं, कापडी मास्क घाला. तुटवडा आहे हे सरळ सांगता आलं असतं. ते न सांगता ‘उपयोग नाही’ म्हणाले, आणि त्यानंतर ते जे काही बोलले त्यावर लोकांनी का विश्वास ठेवावा?

निशिगंधा:
असहमत. मी आरोग्य क्षेत्रात काम करते म्हणून जरा चिडूनच लिहितेय, समजून घ्या. मधल्या महिन्याभरात एक मोठी गोष्ट कळली, लक्षणं नसलेला माणूसही रोग पसरवतोय. त्यामुळे सल्ला बदलला, त्याला तुम्ही खोटेपणा कसं म्हणता? आणि तुम्ही सांगताय तसं ‘माहीत नाही, बघू’ असं आम्ही बोललो ना की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरा कोणीतरी ठामपणे बोलायला उभाच असतो. इराणमध्ये त्याच सुमाराला दारूने विषाणू मरतो अशी अफवा पसरली आणि मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं मेली, कित्येकांचे डोळे गेले. ती अफवा पसरवणारा ‘कदाचित’ म्हणाला नव्हता.

खडूफळा:
ताई, सल्ला बदलला याबद्दल माझी तक्रारच नाही. पहिल्यांदा सांगतानाच ‘आजच्या माहितीनुसार’ म्हणा एवढंच म्हणणं आहे. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ‘फॅक्ट’ असा शब्द वापरून लिहिलं की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याचं जाहीर पत्र आलं की हवेतल्या प्रसाराकडे लक्ष द्या, तेव्हा कुठे त्यांची भाषा मऊ व्हायला लागली. तोपर्यंत लोक पिशव्या आणि दाराच्या कड्या पुसत बसले होते आणि खिडक्या मात्र बंद.

चौथामजला:
एवढी चर्चा कशाला? खोटी पोस्ट दिसली की उडवा, अकाउंट बंद करा, विषय संपला.

खडूफळा:
आणि खोटी कुठली हे ठरवणार कोण? वुहानचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी सहकाऱ्यांना ग्रुपवर सावध केलं, तर ३ जानेवारी २०२० ला पोलिसांनी त्यांच्याकडून खोटी माहिती दिल्याच्या कागदावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला ते कोविडनेच गेले.

रानवारा:
दोघांचंही वाचलं. माझ्या मते यातलं सगळ्यात वाईट उदाहरण पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या बेटदेशाचं आहे आणि त्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुलै २०१८ मध्ये तिथे गोवरची लस दिल्यावर दोन तान्ही बाळं काही मिनिटांत दगावली. लसीत काहीच दोष नव्हता, लसीची पावडर पाण्यात मिसळायची असते, नर्सने चुकून मुदत संपलेलं, स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं होतं. पण सरकारने गोवरची लस थांबवली आणि ती कित्येक महिने थांबलेलीच राहिली, त्या काळात आईबापांच्या कानावर काय पडलं तर लसीने बाळं मरतात. बाहेरच्या देशातले लसविरोधकही त्यात तेल ओतत होते. लस पुन्हा सुरू झाली तेव्हा लोक यायलाच तयार नव्हते. २०१९ च्या शेवटी गोवर आला आणि ८३ जीव गेले, बहुतेक सगळी पाच वर्षांच्या आतली पोरं. मग सरकारने दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवून घरोघरी लस दिली, लस राहिलेल्या घरांनी बाहेर लाल कापड बांधायचं. जेमतेम दोन लाख वस्तीच्या देशात ८३ म्हणजे काय याचा विचार करा. म्हणून खडूफळा, नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसणं मला पटत नाही. काय शोधतोय, कोण शोधतंय आणि पुन्हा कधी येऊन सांगू, हे त्याच वाक्यात यायला हवं.

खडूफळा:
हे मान्य. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे नव्हतं.

निशिगंधा:
रानवारा, धन्यवाद, हे वाचून खरंच गलबलून आलं. पण एक राहतंय. नुसतं खरं बोलूनही नुकसान होतं. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली तेव्हा सुरुवातीला सगळीकडे सांगितलं गेलं की या रोगावर औषध नाही. शब्दशः खरं होतं. लोकांनी त्याचा अर्थ काढला की मग उपचार केंद्रात नेऊन काय करायचं, आपल्या माणसाला घरातच ठेवू, आणि घरातले बाकीचे आजारी पडले. गिनीमधल्या वोमे गावात तर माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना मारून टाकलं, कारण हेच लोक रोग आणतात असा समज होता. तिथे माहिती कमी नव्हती हो, ओळख नव्हती. इबोला मृतदेहाला हात लावल्यानेही पसरतो, म्हणून पुढे अंत्यविधी कसा करायचा हे घरच्यांना आणि धर्मगुरूंना बरोबर घेऊन ठरवायला लागले तेव्हा लोक ऐकू लागले. त्यामुळे आकडे आणि ‘कदाचित’ यापेक्षा ‘आज तुम्ही हे करा’ हे आधी सांगावं, असं माझं मत आहे.

खडूफळा:
‘हे करा’ आधी सांगा, पण का ते खरं सांगा. फेब्रुवारीतलं वाक्य मी असं लिहिलं असतं: मास्क कमी आहेत, ते आत्ता रुग्णांजवळ काम करणाऱ्यांना लागतायत, तुम्हाला किती उपयोग होतो ते तपासतोय, दोन आठवड्यांनी पुन्हा सांगू, तोपर्यंत गर्दी टाळा.

निशिगंधा:
आणि पहिले तीन शब्द वाचूनच लोकांनी संध्याकाळपर्यंत दुकानं रिकामी केली असती. मग माझ्या वॉर्डातल्या नर्सने काय बांधायचं तोंडाला?

खडूफळा:
‘उपयोग नाही’ सांगूनही दुकानं रिकामी झालीच ना ताई.