मदत हवी आहे: ॲक्युपंक्चर शिकून बाहेर पडल्यावर अभ्यास आणि सहअभ्यासक कसे टिकवावेत? (पुणे)

नमस्कार.

मी कोथरूडला ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस करते. अभ्यासक्रम पूर्ण होऊन काही वर्षे झाली, नोंदणी रीतसर आहे आणि रुग्णही बऱ्यापैकी येतात. अडचण वेगळीच आहे. शिकताना ज्यांच्याशी एकेका पॉइंटवरून (सुई टोचण्याच्या जागेवरून) तासन्‌तास वाद घालायचो, ते सगळे आता पांगले आहेत. कोणी नाशिकला गेले, कोणी फिजिओथेरपीकडे परतले, कोणी हे क्षेत्रच सोडले. त्यामुळे मी एखाद्या रुग्णाला काय केले आणि ते तसेच का केले, हे विचारणारे माणूस माझ्या आसपास उरलेले नाही.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने या पद्धतीला अधिष्ठान मिळाले, २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. याचे मोल मी जाणते. मात्र रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांना राउंडवर वरिष्ठांकडून जी उलटतपासणी आयती मिळते, ती एका खोलीत एकटीने दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारखीला कुठून मिळावी?

प्रश्न नेमका कळावा म्हणून एक उदाहरण देते. पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या एका बाईंचा खांदा आखडलेला आहे. पायावरचा एसटी ३८ हा पॉइंट घेऊन, सुई फिरवत असतानाच त्यांना हात वर करायला सांगितले की हात दिसण्याइतका वर जातो आणि त्या खूश होऊन घरी जातात. दोन दिवसांनी मात्र अंबाडा घालताना हात पुन्हा तिथेच अडतो. आता इथे उत्तेजन कमी पडते आहे, एलआय १५ आणि एसजे १४ सारखे खांद्यावरचे पॉइंट आधीच जोडायला हवे होते, की आखडलेला खांदा मुळातच वर्ष-दोन वर्षे घेतो आणि मधुमेहात तो अधिकच चिवट असतो, म्हणून मी धीर धरायला हवा? पुस्तकात या तिन्ही बाजूंना आधार सापडतो. निवाडा करायला अनुभवी माणूस लागते.

व्हॉट्सॲपचा गट आहे, पण त्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि सुयांच्या खोक्यांचे दर यांपलीकडे फारसे काही येत नाही. कोणी केस टाकलीच तर उत्तरादाखल नुसती पॉइंटची यादी येते, निदान कसे केले हे कोणी विचारत नाही. दोन दिवसांच्या शिबिरांनाही गेले. तिथे एखादा ‘हमखास’ पॉइंट, प्रमाणपत्र आणि गटफोटो मिळतो. (प्रमाणपत्रे लावायला माझ्या भिंतीवर आता जागाही नाही.)

वाचन चालू असते, पण एकटीने वाचण्याला मर्यादा पडतात. मायग्रेनच्या प्रतिबंधाबाबतचा, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१६ चा आढावा मी पूर्ण वाचला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ॲक्युपंक्चर दिल्यास डोकेदुखीचे झटके कमी होतात, पण खोट्या (तुलनेसाठी उपचाराचा नुसता आभास देणाऱ्या) सुयांच्या तुलनेत मिळणारा फायदा लहान आहे, असे त्यात म्हटले आहे. हा ‘लहान’ फायदा रुग्णाला कोणत्या शब्दांत सांगावा, म्हणजे त्याची फसवणूकही होणार नाही आणि आपल्या कामाला कमीही लेखले जाणार नाही, याचे उत्तर मला अद्याप नीट सापडलेले नाही.

पुण्यात केसवर खरोखर चर्चा करणारा एखादा लहान गट आहे का? नसल्यास तो कसा उभा करावा? एखाद्या वरिष्ठ प्रॅक्टिशनरकडे आठवड्यातून एक सकाळ नुसते बसून पाहू देण्याची पद्धत आपल्याकडे कुठे आहे का? शुल्क देण्याची माझी तयारी आहे.

प्रतिसाद (सिंहगडकर)

ताई, तयार गट मिळण्याची वाट पाहू नका. पाच-सहा जण पुरेत, त्याहून जास्त झाले की भाषणे सुरू होतात. आमच्या बैठकीत एकच नियम कडक आहे: केस लिहून आणायची, तोंडी सांगायची नाही. लिहिताना स्ट्रिक्टाची यादी (सुधारित, २०१०) समोर ठेवा; ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांत कोणता तपशील नोंदवायचा, हे सांगण्यासाठी ती संशोधकांसाठी तयार केलेली आहे. किती सुया, कोणत्या जाडीच्या, किती खोल, दे-ची (सुई लागल्यावर जाणवणारा जडपणा किंवा ठणका) आला का, उत्तेजन हाताने की विजेवर, सुया किती वेळ ठेवल्या, जोडीला आणखी काय दिले, हे सगळे त्यात येते. तुमच्या खांद्याच्या केसमध्ये सुई किती वेळ ठेवली आणि आठवड्यातून किती बैठका झाल्या, हे तुम्ही इथेही लिहिलेले नाही. त्यावाचून मत कसे देणार? रुग्णाची लेखी संमती घ्या आणि नाव-पत्ता काढून टाका, हे वेगळे सांगायला नकोच.

गुण न आलेली केस प्रत्येकाने आणलीच पाहिजे. शिवाय मधूनमधून एखादी बैठक केवळ सुरक्षिततेसाठी ठेवा. खांद्याच्या माथ्यावरच्या जीबी २१ ला सुई सरळ खोल गेली तर खाली फुप्फुस आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण आता सर्रास येतात. शक्य असल्यास एक फिजिओथेरपिस्ट गटात घ्या. आखडलेल्या खांद्याबद्दल तो आपल्याला चार गोष्टी ऐकवेल, आणि त्या ऐकायला हव्यात.

धागाकर्ती

आभारी आहे. सुई वीस मिनिटे ठेवते, बैठका आठवड्यातून दोन. बाकीचा तपशील स्ट्रिक्टाप्रमाणे लिहून काढते. जागा माझ्या दवाखान्याची देता येईल, वनाजच्या मेट्रो स्थानकापासून चालत येण्यासारखी आहे. रविवारी सकाळी कोणाकोणाला जमेल, ते कृपया इथेच कळवावे. फिजिओथेरपिस्ट वाचत असतील तर त्यांनीही अवश्य लिहावे.