गल्लीतल्या गतिरोधकाला विषय क्रमांक हवा की नको?

आडगावनाका

परवा पहाटे साडेपाचला नाशकातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्याच्या क्रेटमधून अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या उडाल्या आणि आमच्या फाटकासमोर फुटल्या. बाहेर येऊन बघतो तर रातोरात गल्लीत गतिरोधक उगवलेला. नुसता डांबराचा उंचवटा. पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही, हात लावला तर अजून कोमट. कोणी घातला म्हणून विचारत फिरलो. शेजारी म्हणाले, नगरसेवकाने. नगरसेवकाचा माणूस म्हणाला, आमचा नाही. कोपऱ्यावर घमेली धुत बसलेला मुकादम म्हणाला, "वरून फोन आला." वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही सांगता येईना. संध्याकाळी समोरचे आजोबा स्कूटरसकट आडवे झाले. मनगटाला प्लास्टर आहे.

भाची अमेरिकेत इंडियाना राज्यात एका लहान शहरात असते. तिकडे शहरोशहरी 'सार्वजनिक बांधकाम व सुरक्षा मंडळ' असतं. रिकामपणी मी त्यांची विषयपत्रिका वाचली. इतकं नीरस वाचन मी दहावीनंतर केलं नव्हतं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, मिरवणुकीसाठी एक रस्ता दोन तास बंद, एका कोपऱ्यावर 'थांबा' पाटी, कुणाच्या तरी सांडपाण्याच्या बिलाची तक्रार. पण त्या पाटीलाही विषय क्रमांक होता, आणि कोण हो म्हणालं तेही लिहिलेलं होतं.

आपल्याकडे सिंहस्थाचे पूल आणि घाट सगळ्यांना तोंडपाठ असतात. माणूस पडतो तो चेंबरच्या फुटक्या झाकणात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावलं तर वारसांना ६ लाख द्या, जखमीला ५० हजार ते अडीच लाख द्या, आणि ते पैसे जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करा. जबाबदार कोण हे ठरवायचं तर निर्णय कोणाचा होता ते आधी कुठेतरी लिहिलेलं नको?

म्हणून माझं म्हणणं: झाकण, गतिरोधक, सिग्नल, दिवा, रस्ता बंद, यातलं प्रत्येक काम दर पंधरवड्याला विभागीय पातळीवर उघड बैठकीत यावं. आपल्या महापालिकेचे सहा विभाग आहेत, सहा बैठका.

'नाशिकचं काही होणार नाही' हा प्रतिसाद आला असं समजून चालतो, पुन्हा लिहू नये.

मोजपुस्तक

महापालिकेच्या बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली, शेवटची नऊ शाखा अभियंता म्हणून. शहर कोणतं ते राहू दे. तुमच्याशी साफ असहमत.

गतिरोधक हा हात वर करून ठरवायचा विषयच नव्हे. इंडियन रोड काँग्रेसचं ९९ क्रमांकाचं मानक आहे. गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटरने आलेली गाडी त्यावरून न आदळता जावी हा हिशेब. रस्त्यावर पट्टे आणि अलीकडे फलक. यात चर्चा कसली करणार? १० सेंटिमीटरचे १२ करा असा ठराव मांडणार?

बैठकीत नेल्यावर काय होतं ते ऐका. एका गल्लीतून ४० सह्यांचा अर्ज आला, 'मुले खेळतात, गतिरोधक मिळावा.' मोजणी केली, रीतसर घातला, पट्टे मारले. तीन महिन्यांनी दुसरा अर्ज, 'टेम्पो आदळून घरांना तडे जात आहेत, वृद्धांची झोपमोड होते, तात्काळ काढावा.' त्यावर ५५ सह्या. फुरसतीत दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, तर २२ सह्या दोन्हीकडे होत्या. त्याच माणसांच्या, एक तर त्याच हिरव्या शाईत. मी दोन्ही अर्ज एका टाचणीत लावून निवृत्त होईपर्यंत जपले. तुमची उघड बैठक असती तर दोन्ही वेळा 'एकमताने मंजूर' झालं असतं.

आणि भाचीच्या गावचं ते मंडळ महापौरांनी नेमलेल्या माणसांचं असतं. लोकांनी निवडलेलं नव्हे. हे तुम्ही बेमालूम गाळलंत.

टायरपंक्चर

मोजपुस्तककाकांना +१. एका प्रभागात चार-चार नगरसेवक दिलेत, त्यामुळे श्रेय घ्यायला चौघं येतात आणि खड्डा दाखवायला गेलं की चौघंही 'तो माझ्याकडे नाही' म्हणतात. त्यात अजून एक बैठक म्हणजे अजून एक चहा.

अवांतर: गंगापूर रोड रुंद झाला पण झाडं मधोमध उभी राहिली. रात्री त्यांच्यावर लावलेली चमकती पट्टी दिसली नाही तर पुढचं झाडच सांगतं.

वाड्यातली

काका, अभियंत्यावर सोडा म्हणताय. आमचं सोडलेलंच आहे. बघा काय झालंय ते.

मी जुन्या नाशकात एका वाड्यात राहते. सासऱ्यांच्या वडिलांपासून भाडेकरू. दर वर्षी मेअखेरीस एक माणूस येतो, दाराला कागद चिकटवतो, दार आणि कागद दोन्ही येतील असा मोबाइलवर फोटो काढतो आणि जातो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस, इमारत धोकादायक, रिकामी करा. पहिल्या सरीत कागदाचं टोक सुटतं. गणपतीच्या आधी मी दार पुसायला घेतलं तर चिकीसारखे थर निघाले. या वर्षीच्या खाली मागचा, त्याखाली त्याच्या मागचा. जावक क्रमांक तेवढा वेगळा.

आम्ही निघत का नाही म्हणून सगळे विचारतात. भाडं महिना सत्तर रुपये, मालकाचे वारस अकरा, त्यातले दोघे पुण्याला आणि एकाचा पत्ताच नाही. एकदा बाहेर पडलो की परत आत घेईल कोण? इमारती सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्गात बसवायच्या असा नियम आहे. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची, सी-२ब म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती. आमचा वाडा कशात बसतो ते मी तीनदा विचारलं. फोटो काढणाऱ्याला माहीत नव्हतं. त्याचं काम फोटोपर्यंतच.

काझीच्या गढीवर, म्हणजे जुन्या नाशकातल्या त्या मातीच्या टेकाडावरच्या वस्तीत, तर माती सुटतेय हे अख्ख्या गावाला दिसतं. तिथेही पावसाळा आला की नोटिसा, पावसाळा गेला की सामसूम. याला तुमचं खातं 'नेहमीचं काम' म्हणतं. मला तो विषय एकदा तरी कोणाच्या तरी पुढे यायला हवाय, समोर आम्ही बसलेलो असताना. मंजूर होवो नाहीतर तहकूब.

सोन्याचा_धूर

ताईंबद्दल सहानुभूती आहे, पण मी विरोधात.

आमची पेढी सराफ बाजारात. तिसरी पिढी. सरस्वती नाल्याचं पाणी दुकानात शिरतं तेव्हा काय होतं ते २००८, २०१६, २०१९ असं तीन वेळा बघितलंय. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आमच्याकडे कोणी हवामान खातं बघत नाही, पोऱ्या पळत गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघून येतो. मूर्तीच्या गुडघ्याला पाणी म्हणजे खालची कपाटं रिकामी करायची. कमरेला लागलं की वरचीही. छातीला लागलं की शटर ओढून देवाचं नाव. या दोन तासांत तुमची विषयपत्रिका कोण काढणार आणि सूचक-अनुमोदक कोण शोधणार? पंप लावायला सही करणारा एक माणूस हवा आणि त्याला कोणी आडवं येऊ नये. बस.

बैठका उघड केल्या की कामं उघड होतात हा भ्रम आहे. नारळ आणि फोटो तेवढे वाढतात.

वकीलकाकू

धूरशेठ, तुमच्या दोन तासांची सोय कायद्यात आधीच आहे. महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६७(३)(क). लोकांच्या सुरक्षेसाठी तातडीची गरज असेल तर आयुक्त निविदेची वाट न बघता काम करून घेऊ शकतात. फक्त काय केलं आणि का केलं याचा अहवाल लगेच स्थायी समितीला आणि महासभेला द्यायचा असतो. ही दुसरी ओळ सगळे विसरतात. पूर येणं ही आपत्ती आहे हे मान्य. पण जून दर वर्षी मेनंतरच येतो, मग नालेसफाई आपत्कालीन कशी होते, हे मला कोणी समजावून सांगावं.

आडगावनाका, नवीन मंडळ कशाला मागताय? क्षेत्र सभांची तरतूद २००९ मध्येच कायद्यात आली. आपल्या मतदान केंद्राच्या परिसरातल्या लोकांनी बसून दिवे, नळ, रस्ते यांचा प्राधान्यक्रम सांगायचा. किती जणांनी अशी सभा पाहिली आहे? हात वर करा. मीही नाही. वाहतुकीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ खाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. आणि २०१९ च्या दुरुस्तीत १९८अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकाप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. म्हणजे मोजपुस्तकांचे १० सेंटिमीटर हे नुसतं मानक राहत नाही.

खरा रोग वेगळाच आहे. ऐनवेळचे विषय! छापील पत्रिकेत ४० विषय, सभा संपता संपता आणखी कागद येतात, आणि ते काय होते ते इतिवृत्त हाती आल्यावर कळतं. आणि मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपल्यावर तर महासभाही प्रशासक आणि स्थायीही प्रशासक. प्रस्ताव पाठवणारे आणि मंजूर करणारे एकाच केबिनमध्ये. तेव्हा किती बैठका लोकांना बघायला मिळाल्या ते आठवा.

मोजपुस्तक

ऐनवेळच्या विषयांबद्दल मी वकीलबाईंच्या बाजूने. मीही टंकलेखकाच्या डोक्यावर उभं राहून असे डॉकेट, म्हणजे सभेपुढचे प्रस्ताव, रात्री नऊला तयार करून घेतलेत. अभिमानाने सांगत नाही.

पण झाकणाचं गणित बघा. एक चेंबरचं झाकण फुटलं. शाखा अभियंता टिपण लिहितो, उपअभियंता शेरा मारतो, मग कार्यकारी, मग लेखा, दर मंजूर आहे का, कोणत्या शीर्षाखाली टाकायचं. झाकण येईपर्यंत तिथे झाडाची फांदी खोचलेली असते, लाल फडकं बांधून. ही फांदी नाशिककरांना माझ्यापेक्षा जास्त ओळखीची आहे. या रांगेत तुम्ही आणखी एक टप्पा घालताय, तोही पंधरा दिवसांनी एकदा भरणारा. अधिकार खाली द्या. शाखा अभियंत्याच्या गाडीत चार झाकणं ठेवा आणि महिन्याने हिशेब मागा. मी आयुष्यभर हेच मागत आलो.

आणि ८ ऑक्टोबर २०२२ विसरू नका. औरंगाबाद रोडवर मिरची चौकात खासगी बस ट्रकला धडकून पेटली, १२ जण गेले. त्यानंतर अतिक्रमणं निघाली, गतिरोधक आले. कोणी मतदान घेत बसलं नाही.

आडगावनाका

काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. १२ जण गेल्यावर मतदान लागलं नाही, खरंय. त्याआधी तो चौक कोणाच्या पत्रिकेवर किती क्रमांकाला होता, एवढंच मी विचारतोय. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. बॅरिकेड कुठे लावायचं हा तोपर्यंत कारकुनी विषय होता. आता २०२७ येतंय.

चार झाकणं गाडीत ठेवायची कल्पना मात्र पटली. माझ्या सूचनेत एवढा बदल करतो: काम आधी करा, पण पंधरवड्याच्या यादीत ते दिसलं पाहिजे. कुठे, कोणी सांगितलं, कोणी केलं. मंजुरी नको, नोंद हवी. वाड्यातली ताईंच्या बाबतीत मात्र नोंद पुरत नाही, तिथे समोरासमोर सुनावणीच हवी.

वाड्यातली

नोंद तर दाराला चिकटलेलीच आहे की दादा.

मोजपुस्तक

नोंदीला माझी हरकत नाही. मोजपुस्तक, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही, म्हणजे दुसरं काय असतं. घरी मोजपट्टी आहे का? तुमच्या त्या गतिरोधकाची रुंदी, उंची घेऊन इथे टाका.

आडगावनाका

मोजला. उंची १६ सेंटिमीटर, रुंदी ७० सेंटिमीटर. एका टोकाला गटाराच्या जाळीवर चढलाय, म्हणजे पाऊस पडला की तळं.

वाकून मोजत होतो तर तीन माणसं आली. एक म्हणाला, "काढताय ना? बरं झालं." दुसरा म्हणाला, "काढायला आलात तर बघा." तिसऱ्याने विचारलं, "आमच्याकडे कधी घालणार?"

मोजपुस्तक

१६ म्हणजे तो गतिरोधक नाही, बांध आहे. अर्ज द्या. अर्जात ही मापं आणि तारीख लिहा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. 'नागरिकांना त्रास होतो' असं लिहू नका, ते वाचून कोणी उठत नाही. आणि कृपा करून सह्या गोळा करू नका.

आडगावनाका

उशीर झाला. सह्या फिरून आल्या. काढा म्हणणाऱ्या अर्जावर ४३, राहू द्या म्हणणाऱ्यावर ३८. आमच्या सौभाग्यवती दुसऱ्यावर आहेत.