मानेतली धमनी शिवली, चौथ्या दिवशी मृत्यू: कारण काय लिहायचं?

एमओ_बीड: ऊसतोडीच्या फडात मानेला डावीकडे कोयता लागलेला तरुण. कॅरॉटिड (मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी) शिवली, रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू लुळी, चौथ्या दिवशी मृत्यू. पीएममध्ये (शवविच्छेदनात) आधी मान उघडायची की डोकं? कारण 'हेमोरेजिक शॉक' (रक्तस्रावाने रक्ताभिसरण कोसळणं) चालेल का?

न्यायवैद्यक_अंबाजोगाई: आधी डोकं, मग छाती, मान शेवटी. मेंदू आणि हृदय काढलं की मानेतलं रक्त निथळतं. नाहीतर कापताना झिरपलेलं रक्त जिवंतपणी साकळलेल्या रक्तासारखं दिसतं आणि उलटतपासणीत तेच अंगाशी येतं. स्नायू थराथराने सोडवा. कॅरॉटिड ओढू नका, ताणाने आतलं अस्तर फाटतं. टाक्यांच्या विरुद्ध बाजूने लांबीत उघडा, कवटीच्या तळापर्यंत. मृत्यूनंतरची गुठळी ओलसर असते, अलगद सुटते. जिवंतपणीची कोरडी, ठिसूळ, भिंतीला चिकटलेली. टाक्यांसकट तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात.

शॉकचं म्हणाल तर रक्त चढवून चार दिवस काढलेल्या पेशंटला ते कारण सहसा टिकत नाही. केस पेपरवरचा बीपी, हिमोग्लोबिन, चढवलेल्या रक्ताच्या पिशव्या बघा. इथे खरं उत्तर मेंदूत आहे. डाव्या मिडल सेरेब्रल या मेंदूतल्या धमनीचा पूर्ण भाग मऊ पडला असेल तर कारण गुठळी धरा. दोन धमन्यांच्या सीमेवरचा पट्टाच गेला असेल तर बीपी पडलेला. सूज, अन्कसवरची (मेंदूच्या तळाशी आतल्या कडेच्या उंचवट्यावरची) खाच, ब्रेनस्टेममधला (मेंदूच्या खोडातला) रक्तस्राव नोंदवा. फुफ्फुसंही बघा, न्यूमोनिया असू शकतो.

पीएम_परभणी: सरांचा क्रम या केसला बरोबर. जागेवर मृत्यू आणि जुगुलर (मानेतली मोठी शीर) कापलेली असेल तर मात्र डोकं आधी नको, शिरांत हवा शिरते. आधी छातीचा एक्स-रे. मग पेरिकार्डियमला (हृदयाभोवतीच्या पिशवीला) छोटी चीर, कडा उचलून पाणी भरा आणि उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) पाण्याखाली टोचा. बुडबुडे आले तर एअर एम्बोलिझम (रक्तात हवा शिरून अडणं). मे महिन्यात शीतपेटीशिवाय राहिलेल्या प्रेतात ही चाचणी फुकट, कुजण्याचा वायूही तसाच बाहेर येतो.

एमओ_बीड: धमनीत गुठळी सापडलीच नाही तर?

न्यायवैद्यक_अंबाजोगाई: ऑपरेशन नोट मागवा, सर्जनने काढली असेल. तुटून वर मेंदूच्या धमनीतही गेलेली असते, सर्कल ऑफ विलिस (मेंदूच्या तळाचं धमन्यांचं कडं) तपासा. लिहिताना: (अ) मेंदूची सूज, (ब) डाव्या कॅरॉटिडच्या क्षेत्रातला इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला भाग), (क) मानेवरची धारदार शस्त्राची जखम, शस्त्रक्रिया केलेली. नुसतं 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' (हृदय आणि श्वास थांबणं) लिहू नका. हिस्टोपॅथॉलॉजी (तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) येईपर्यंत मत राखून ठेवा. कोयत्याबद्दलचं मत वेगळं द्या, तेही पोलिसांनी हत्यार सीलबंद पाठवल्यावरच.