मर्थरजवळ घर घेताय, तर हे वाचा

वर ज्यांनी विचारलंय की वेल्समधल्या मर्थर टिडफिलजवळ घर स्वस्त मिळतंय पण गाव अगदीच मेलेलं तर नाही ना, त्यांच्यासाठी लिहितोय. आम्ही मर्थरला लागूनच असलेल्या डाउलाइसला राहतो, सहा वर्षं झाली. हे गाव म्हणजे अख्खं लोखंडाच्या कारखान्यावर उभं राहिलेलं, १७५९ला सुरू झाला आणि १८४५ला इथं १८ भट्ट्या आणि ७,३०० माणसं कामाला होती, विचार करा! पुढे खनिज स्पेनहून जहाजानं यायला लागलं, मग डोंगरात एवढ्या वर चढवत बसण्यापेक्षा कंपनीनं १८९१ला कार्डिफच्या किनाऱ्यालाच नवा कारखाना काढला, आणि १९३०ला इथलं बहुतेक काम थांबलं. तिथून जी बेकारी आली तिचा विषय म्हातारी माणसं अजून काढतात.

पण मेलेलं अजिबात नाही हो. मागच्या अंगणात मेथी लावायला खणायला घेतलं तर वीतभर खाली नुसती लोखंडाच्या भट्टीतली मळी, काचेसारखी निळी-हिरवी, हाताला कापते. शेजारच्या आजी म्हणाल्या सगळ्यांच्याच अंगणात आहे ती, वर माती आणून टाक, आणि दुसऱ्या दिवशी नातवाकरवी चार पोती पाठवून दिली. वाफा जमिनीच्या वर बांधला, आता मेथी मस्त येते आणि एक जुडी त्यांच्याकडे जातेच.

घर बघायला मात्र पावसात या, भिंतींची ओल तेव्हाच कळते.