ब्लेनहाइमचा छपराचा पूल: वाहून गेलेला पूल परत बांधायचा का?

मुक्काम_ऑल्बनी:
न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ ब्लेनहाइम या खेड्यात स्कोहॅरी क्रीक या नदीवर निकोलस पॉवर्सने १८५५ साली छपराचा लाकडी पूल बांधला. २१० फुटांचा गाळा, मधे एकही खांब नाही. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात तो गेला. २०१८ पर्यंत त्याच घडणीचा नवा पूल उभा राहिला, तोही आपत्तीनिवारणाच्या सरकारी पैशातून. माझ्या मते हा पैसा वाया गेला. जुन्यावरूनच १९३२ पासून गाड्या बंद होत्या. नवा कशाला, सेल्फीला?

रंधा:
सेल्फीवाल्यांना काढूया, ते ताजमहालावरही येतात. आधी पूल नीट बघा. पूल तोलणारे दोन कडेचे लाकडी सांगाडे आणि तिसरा मधोमध. त्या मधल्या सांगाड्यात छपरापर्यंत चढलेली लाकडी कमान, तिच्या दोन्ही अंगांना एकेक गाडीवाट. हे कागदावर वाचून कळत नाही. ओंडका ओंडक्याला कसा भिडवला, हे बांधतानाच कळतं. सुतारांना दीडशेहून जास्त वर्षांनी ही संधी मिळाली, ती काय फुकट?

तिरकी_मान:
छप्पर बर्फापासून बचावाला ना?

रंधा:
नाही हो. पावसाने सांधे कुजू नयेत म्हणून. बर्फ तर हिवाळ्यात फावड्याने आत आणून पसरायचे, घसरगाड्या चालाव्यात म्हणून!

मुक्काम_ऑल्बनी:
कारागिरीला माझा नमस्कार. पण मग कार्यशाळा भरवा, नमुना करा. १९६४ मध्ये पुलाला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला होता, पूल गेल्यावर तोही काढून घेतला. म्हणजे सरकारदफ्तरी जुना पूल संपला. आणि फेमाने, म्हणजे अमेरिकेच्या आपत्तीनिवारण खात्याने, आधी पैसे नाकारलेच होते, अपिलात मिळाले. त्याच पुरात लोकांची घरं गेली होती, हे विसरू नका.

शेवंता:
घरं की पूल, असा हिशेब मांडला तर कुठलीच जुनी वास्तू वाचणार नाही. मुळात मदत हवी ती पुराने नेलेलं परत उभं करायला. गावाचं नाव ज्या एका गोष्टीमुळे बाहेर माहीत, तीच गेली, तर ते नुकसान नाही?

गाडीवान:
व्हरमाँट राज्यातला बार्टन्सव्हिलचा छपराचा पूल बघा. १८७० चा, त्याच दिवशी त्याच वादळात गेला. २०१३ मध्ये परत झाला आणि आज त्यावरून गाड्या जातात. तिथे मी एक शब्द बोलणार नाही. रस्ता आहे, रोजची ये-जा आहे. ब्लेनहाइमला पायी फिरण्यापलीकडे काय? माझं मत मुक्काम_ऑल्बनींना.

शेवंता:
म्हणजे गाडी गेली तरच पूल? पायी जाणारे माणसात नाहीत वाटतं.

मुक्काम_ऑल्बनी:
आहेत की. पण नवा पूल पूर टाळायला जुन्यापेक्षा उंचावर ठेवलाय. म्हणजे जागाही हुबेहूब नाही. पाटीवर १८५५ लिहायचं की २०१८, एवढं तरी सांगा.

रंधा:
दोन्ही लिहा. पाटीवर जागा आहे.