डोक्यावरील चट्टे: लायकेन की ल्युपस? सीडी १२३ ने निर्णय होईल का?

प्रश्न: निवासी डॉक्टर, त्वचारोग, सोलापूर

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या एक मध्यमवयीन बाई उपचार घेत आहेत. त्यांच्या डोक्यावर केस कायमचे गेलेले चट्टे असून मधली त्वचा गुळगुळीत व पांढुरकी आहे, तर कडेच्या केसांच्या मुळाशी जांभळट लाली आणि खवले दिसतात. तोंडात व नखांवर काहीही नाही. बायोप्सीच्या (त्वचेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) अहवालात लायकेन प्लॅनोपिलारिस (केसांच्या मुळांभोवतीच्या दाहाचा आजार) आणि डिस्कॉइड ल्युपस (त्वचेवरचा स्वयंप्रतिकार आजार) असे दोन्ही पर्याय दिले आहेत. एएनए (ल्युपससाठी केली जाणारी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी) निगेटिव्ह आहे. त्याच ब्लॉकवर (मेणात जतन केलेल्या तुकड्यावर) सीडी १२३ हा ठरावीक पेशी रंगवून दाखवणारा मार्कर करून घ्यावा का? खर्च बाईंनाच करावा लागणार आहे, म्हणून आधी विचारतो.

उत्तर: पॅथॉलॉजिस्ट

एएनए निगेटिव्ह आल्याने डिस्कॉइड ल्युपस बाद होत नाही. आजार त्वचेपुरताच असला की ती अनेकदा निगेटिव्ह येते.

सीडी १२३ हा इंटरल्यूकिन ३ या पेशींमधील संदेशवाहक प्रथिनाच्या रिसेप्टरचा अल्फा घटक. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींवर (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) तो ठळक दिसतो, आणि ल्युपसचा दाह धगधगत ठेवणारे टाइप १ इंटरफेरॉन याच पेशी मोठ्या प्रमाणावर तयार करतात. मात्र लायकेनमध्येही त्या असतातच, त्यामुळे अहवालात नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहून आले तर त्याचा काहीही उपयोग नाही. ल्युपसमध्ये या पेशी डर्मिसमध्ये (त्वचेच्या आतल्या थरात), केसांच्या मुळांभोवती आणि घर्मग्रंथींभोवती दहा किंवा अधिकांचे पुंजके करून बसतात व दाहपेशींतील त्यांचा वाटा अनेकदा २० टक्क्यांच्या वर जातो. लायकेनमध्ये त्या थोड्या आणि सुट्या-सुट्या आढळतात. रक्तवाहिन्यांचे अस्तरही या मार्करने रंगते, त्यामुळे आडवी कापली गेलेली बारीक वाहिनी पुंजका म्हणून मोजली जाऊ शकते. शंका उरली तर बीडीसीए २ या, याच डेंड्रिटिक पेशींच्या दुसऱ्या मार्करची जोड द्यावी.

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, सोलापूर

डॉक्टर, त्याआधी त्याच ब्लॉकवर पीएएस आणि अल्शियन ब्लू हे दोन साधे स्टेन (रंग) करून घ्या. दोन्ही स्वस्त आहेत. बेसमेंट मेम्ब्रेन (त्वचेच्या वरच्या थराखालचा पातळ पडदा) जाड झालेले, कोलॅजनच्या तंतूंमध्ये म्युसिन (जेलीसारखा पदार्थ) साचलेले आणि दाह खोल घर्मग्रंथींपर्यंत उतरलेला दिसला, तर पारडे ल्युपसकडे झुकते आणि मार्करची गरजच उरत नाही, असे पुष्कळदा घडते.

तुकडा कोठून घेतला होता, हेही पाहा. गुळगुळीत मध्यभागातून घेतला असेल तर त्यात केवळ व्रण मिळेल आणि कोणताही मार्कर तेथे काही सांगू शकणार नाही. पुन्हा घ्यायचा झाल्यास लाली असलेल्या कडेवरून, केसांसकट, चरबीपर्यंत ४ मिमीचा पंच (गोल पात्याने कापलेला तुकडा) घ्यावा. इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (त्वचेतील प्रतिपिंडे चमकवून दाखवणारी तपासणी) वेगळा तुकडा मिशेल माध्यम या जतन द्रवात ठेवावा; फॉर्मॅलिनमध्ये गेलेला तुकडा त्या तपासणीला चालत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे, सर. तुकडा कडेचाच होता, पण तेव्हा स्टिरॉइड लोशन चालू होते. त्याने फरक पडतो का?

उत्तर: पॅथॉलॉजिस्ट

पडतो. दाहपेशी कमी होतात, त्यामुळे पुंजके दिसले नाहीत म्हणून ल्युपस नाही, असे अशा तुकड्यावरून म्हणता येणार नाही. पुंजके स्पष्ट दिसले तर मात्र तो निष्कर्ष ग्राह्य धरावा. हे सारे ठरेपर्यंत त्यांना उन्हात डोके झाकायला सांगा आणि मूत्रपिंडांवर परिणाम नाही ना, हे पाहण्यासाठी लघवीतील प्रथिने व रक्तपेशींची तपासणी करून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ल्युपसचा रुग्ण तसाच राहून गेलेला परवडत नाही.