मदत हवी आहे: चारपैकी एकच प्रोब चुकतोय

मांस शिजवताना वापरायचा चार प्रोबचा (मांसात खुपसायच्या तापमान मोजणाऱ्या सळया) वायरलेस थर्मामीटर आहे, तारांना स्टीलच्या जाळीचं आवरण. बर्फाच्या पाण्यात तीन प्रोब 32 अंश फॅरनहाइट दाखवतात, चौथा 42. उकळत्या पाण्यात मात्र चारही 212. चौथा प्रोब दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला तरी 42च, म्हणजे ट्रान्समीटर (प्रोब जोडायचा, आकडे पाठवणारा डबा) ठीक. बहुधा धुताना तार दांड्याला जोडते तिथून पाणी शिरलंय. प्रोबमधला सेन्सर विजेच्या रोधावरून तापमान ठरवतो, रोध कमी तर तापमान जास्त. ओलीने रोध घटतो, आकडा चढतो, कमी तापमानाला जास्तच.

ओव्हनमध्ये 200 अंश फॅरनहाइटवर तासभर वाळवल्यास दुरुस्ती टिकते का, की सरळ नवा घ्यावा? पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचं मांस) 203ला उतरवताना थोडं इकडेतिकडे चालतं. चिकन 165ला काढताना या प्रोबवर भरवसा ठेवावा का?

शिवाय स्मोकरच्या (धुरावर मांस शिजवायची भट्टी) हवेचा प्रोब मांसापासून किती लांब लावता? गार मांसाला खेटून तो कमीच दाखवणार म्हणा.